मान धरणे आणि नजर ठरणे

अर्भकाच्या वाढीसाठी आपल्या भाषेने क्रियापदांची एक मालिकाच सिद्ध करून ठेवली आहे. मुलाची नजर ठरते, ते ओळख धरते, मान धरते, पालथे पडते, बसते होते, रांगते; आणि सातारा-सांगलीकडील बोलीत अखेरीस ते 'उभारते'. मलकापूर-कराडच्या परिसरातील आजीबाईंना हा क्रम मुखोद्गत असतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी १९७० साली भारतीय अर्भकांसाठी विकासमापनश्रेणी तयार केली. १९९७ साली सुधारलेल्या या श्रेणीत कारक विकासाच्या ६७ व मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. तिचे ठळक टप्पे आणि आजीबाईंची क्रियापदे यांचा मेळ सहज बसतो.

परंतु जन्मवेळी प्राणवायू कमी पडल्याने, अपुऱ्या दिवसांच्या जन्माने किंवा तीव्र काविळीने ज्याच्या मेंदूस इजा पोचली आहे, अशा अर्भकाच्या बाबतीत हेच शब्द फसवे ठरू शकतात. 'मान लवकर धरली' असे घरात कौतुकाने सांगितले जाते. प्रत्यक्षात पाठीचे व मानेचे स्नायू ताठरल्यामुळे डोके मागे खेचले गेलेले असते. असेच मूल अंग ताठ करून एकाएकी पालथे पडते, किंवा काखेत धरताच पाय कडक करून चवड्यांवर उभारते. 'धरणे' या क्रियापदात कर्तृत्व मुलाकडे जाते. ताठरपणाने घडलेली क्रिया आणि मुलाने केलेली क्रिया हा भेद ते दाखवीत नाही. म्हणून 'मान धरली का?' एवढ्यावर न थांबता 'धरलेली मान आवाजाकडे वळवते का? दोन्ही कुशींवरून पालथे पडते का?' असे विचारावयास हवे. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे वय मोजताना जितके आठवडे आधी जन्म झाला, तितके वजा करावयाचे, हेही विसरता कामा नये.

नजरेची गोष्ट अधिक नाजूक आहे. डोळे निर्दोष असूनही मेंदू दृश्याचा अर्थ लावू शकत नाही, असा मेंदूजन्य दृष्टिदोष या मुलांत वारंवार आढळतो. असे मूल वस्तूकडे उशिरा पाहते, स्थिर वस्तूपेक्षा हलती वस्तू त्यास लवकर दिसते, आणि हात पुढे करताना ते कित्येकदा तोंड फिरवते. घरची माणसे त्यास 'लक्ष देत नाही' असे म्हणतात.

पाहणे आणि हलणे या दोन स्वतंत्र शक्ती नव्हेत. १९६३ साली हेल्ड व हाइन या अमेरिकन संशोधकांनी मांजरीच्या पिलांच्या जोड्या फिरत्या चक्रास जोडल्या. एक पिलू स्वतः चालत होते, दुसरे त्याच वेगाने पाळण्यातून वाहिले जात होते. दृश्य दोघांपुढे सारखेच. पुढे पाहून पंजा नेमका टाकणे वाहिलेल्या पिलास साधेना. ज्या मुलाचे हातपाय हलत नाहीत, त्याची नजरही यामुळे मागे पडण्याचा धोका असतो.

घरात काय करता येईल? पाळण्यावरचे चिमणाळे ही उत्तम कल्पना आहे. पण अशा मुलास ती रंगीत गर्दी होते. त्याऐवजी एकच लाल किंवा पिवळी चिमणी, साध्या पार्श्वभूमीवर, चेहऱ्यापासून वीतभर-सव्वा वीत अंतरावर धरावी, हळू हलवावी आणि थांबावे. मूल जागे असता, देखरेखीखाली, छातीखाली दुपट्याची गुंडाळी देऊन त्यास थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा पालथे ठेवावे. झोळीत दिवस काढणाऱ्या मुलाचे हात आणि दृष्टी दोन्ही कोंडली जातात. काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्यांची तर गंमतच आहे. नजर लागू नये म्हणून त्या घालतात. पण त्यांतील उठावदार रंगभेदामुळे मुलाची नजर स्वतःच्या हाताकडे जाण्यास त्या उपयोगी पडाव्यात. मात्र दोरा घट्ट नको आणि मणी सुटणारे नकोत.

बोलण्याविषयी एक सूचना भाषाभ्यासकाच्या अधिकाराने करतो. 'बघ, बघ ना, इकडे बघ' हा आपला स्वाभाविक मारा या मुलास अडचणीचा होतो. ऐकणे व पाहणे एकाच वेळी त्यास झेपत नाही. आधी वस्तू दाखवावी, मौन पाळावे, नजर ठरल्यावर 'चिमणी' म्हणावे. 'ही', 'ती' या दर्शक सर्वनामांचा पाया अशा सामायिक पाहण्यातच आहे.

मेंदूच्या पक्षाघाताचे निदान आज पुष्कळदा सहा महिन्यांच्या आत होऊ शकते. तेव्हा 'करेल हळूहळू' म्हणून वर्ष घालविणे मुलास महागात पडते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. मलकापुरातच कृष्णा अभिमत विद्यापीठात वैद्यक व भौतिकोपचार या दोन्ही शाखांचे विद्यार्थी शिकतात. 'मानेवर नियंत्रण आले आहे काय?' या पुस्तकी प्रश्नास माता संकोचाने 'हो' म्हणून मोकळी होते. 'तुमचं बाळ तुमच्याकडे मान वळवून बघतं का, आणि बघायला किती वेळ लावतं?' असे विचारले, तर ती थांबते, आठवते, आणि मग सांगू लागते.