दुकानात ऐकू येतं, घरी गलबला का?

“साहेब, दुकानात चांगलं ऐकू यायलं होतं, घरी नुस्ता गलबला व्हायलाय.” आखाडा बाळापूरजवळच्या वाडीवरचे सत्तरीतले मामा रुमालात गुंडाळलेलं श्रवणयंत्र दाखवत होते. हळदीच्या पैशातून मुलानं घेऊन दिलेलं, आणि महिनाभर पेटीत पडलेलं.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याच्या माहितीपत्रकावरचे आकडे जिथे मोजतात ती जागा आणि मामांचं पत्र्याचं घर, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ध्वनियंत्रं प्रतिध्वनीरहित कक्षात तपासतात. भिंती, छत आणि जमिनीलाही फोमच्या किंवा काचलोकरीच्या पाचरी. म्हणून चालायला वर तारेची जाळी. पाचरींत शिरलेला आवाज परत येत नाही. 100 हर्ट्‌झच्या आवाजाची लहर सुमारे 3.4 मीटर, ती गिळायला पाचर तिच्या चौथाईएवढी लांब लागते. श्रवणयंत्र इवलंसं, त्याला फोम लावलेली पेटी पुरते. आत 90 डेसिबलचा आवाज देतात आणि यंत्र जास्तीत जास्त किती जोर लावतं ते 2 घनसेंटिमीटरच्या कृत्रिम कानपोकळीत मोजतात. प्रतिध्वनी मिसळला तर दिसणारा चढउतार यंत्राचा की खोलीचा, हे कळणारच नाही.

घरात मात्र पत्रा, सिमेंटच्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. ‘आ’, ‘ओ’सारख्या स्वरांची शेपटी पुढच्या ‘स’, ‘त’, ‘क’वर पडते आणि शब्द पुसला जातो. यंत्र बोलणं वाढवतं, तसा पंखा आणि भांड्यांचा आवाजही वाढवतं.

मामांच्या उजव्या कानात मळाचा बोळा निघाला. (यंत्र घेण्याआधी कान कुणी पाहिलाच नव्हता!) मळ काढून श्रवणचाचणीला पाठवलं. तिच्या आलेखानुसार यंत्राचा जोर बसवून घ्यावा लागतो. कानाचा साचाही घट्ट हवा, नाहीतर शिट्टी वाजते. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. पात्र दिव्यांगांना केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळतं, ते आधी विचारा.

सुनेला सांगितलं, स्वयंपाकघरातून हाक मारू नका. जवळ या, समोर बसा, पंखा बंद करा. ओरडू नका, सावकाश बोला. भिंतीवर एखादी गोधडी टांगा. सुरुवातीला रोज तासभरच यंत्र लावायचं, तेही घरातच. आठवडी बाजारात नंतर.

पंधरा दिवसांनी मामा आले. यंत्र कानात होतं. तक्रार नवीन होती: “नातू लई बोलतोय, साहेब.”