शंभर वर्षांपूर्वी हायस्कुलात जाताना



जून महिना आला की घरोघरी दोन कामांची एकदम गडबड उडते. एक पेरणीची आणि दुसरी मुलांच्या शाळेची. बी-बियाण्याला पैसा लागतो, वह्या-पुस्तकांनाही तेव्हाच लागतो. अशा वेळी एखादा घरधनी वैतागून मुलाला म्हणतो, “पुरे झाली शाळा. उद्यापासून चल माझ्याबरोबर रानात.” तसे म्हणण्याआधी घटकाभर बसा आणि ही हकिकत वाचा. घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचलीत तर आणखी बरे.

ही हकिकत आहे सातारा जिल्ह्यातली, १९२० च्या आसपासची. १९२१ च्या खानेसुमारीत आपल्या देशात शंभरातल्या जेमतेम सात माणसांना लिहिता-वाचता येत होते. गावात शाळा असलीच तर मराठी चौथीपर्यंत, मोठ्या गावात सातवीपर्यंत. मराठी सातवीची परीक्षा म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झालेला मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शके. पण हायस्कूल असायचे ते सातारा, कऱ्हाड अशा शहरगावी. मराठी चौथी झाल्यावर तिथे इंग्रजी पहिलीत नाव घालायचे, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. परीक्षा घ्यायची मुंबई विद्यापीठ. म्हणजे खेड्यातल्या पोराला दहा-अकरा वर्षांच्या वयात घर सोडून सात वर्षे परगावी काढायची होती.

आता त्या बापाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दहा-बारा वर्षांचे पोर म्हणजे गुरे राखायला, मोटेवर बैल हाकायला, पाखरे राखायला हाताशी आलेला गडी. तो घरातून गेला की एक हात कमी झाला. वर फी रोख द्यायची, आणि शेतकऱ्याच्या घरी रोख रुपया सुगीशिवाय दिसत नसे. परगावी राहायचे कुठे आणि खायचे काय, हा त्याहून मोठा प्रश्न. ब्राह्मणाच्या गरीब मुलाला निदान वार लावून जेवण्याची किंवा माधुकरी मागण्याची सोय होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या, मांगाच्या पोराला कोण वार देणार? कुठल्या तरी ओळखीच्या घरी ओसरीवर पथारी टाकायची, घरून आणलेला शिधा पुरवून खायचा आणि तो संपला की गावाकडची वाट धरायची. कितीतरी पोरांची शाळा बुद्धी कमी पडली म्हणून सुटली नाही, भाकरी कमी पडली म्हणून सुटली.

आणि अस्पृश्य मानलेल्या पोराला तर भाकरीच्याही पुढचे दुःख होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तो मुलगा म्हणजे भीमराव, पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बसायला स्वतःचे गोणपाट, ते घरून आणायचे आणि घरी न्यायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शाळेच्या शिपायाने तोटी सोडली तर पाणी मिळायचे, शिपाई नसला तर तहानेलेच राहायचे. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्या दिवशी त्यांचे नाव शाळेत घातले गेले, तो ७ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

ही दोन्ही दुःखे, भाकरीचे आणि शिवाशिवीचे, एकाच चुलीवर मिटवायची असे एका माणसाने ठरवले. ते भाऊराव पाटील. जन्म १८८७ चा, कुंभोजचा. कोल्हापुरात हायस्कुलात शिकायला होते, पण स्वतः मॅट्रिक झाले नाहीत. १९०८ साली अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, म्हणून ज्या बोर्डिंगात राहत होते तिथून त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे साताऱ्यात शिकवण्या केल्या, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. मग ओगल्यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगराचे एजंट म्हणून ते गावोगाव हिंडले. हिंडता हिंडता त्यांना खेड्यातली हुशार पोरे गुरांमागे दिसली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. तिथे सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची पोरे एकत्र राहणार, एकत्र शिजवणार आणि एका पंक्तीला जेवणार असा नियम. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगाला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

तिथला दिवस कसा जायचा? स्वयंपाकी नाही, गडी नाही. दळण पोरांनीच दळायचे, पाणी पोरांनीच भरायचे, भाकऱ्या पाळीपाळीने थापायच्या. आज महाराच्या पोराने थापलेली भाकरी मराठ्याचे पोर खाई, उद्या मराठ्याने वाढलेले कोरड्यास मुसलमानाचे पोर खाई. जमीन खणायची, झाडे लावायची, भाजी पिकवायची. मग शाळा. रात्री कंदिलाभोवती कोंडाळे करून अभ्यास. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्ये घोकायची, गणिते सोडवायची. ज्या पोराच्या घरात आजवर कुणी पाटी धरली नव्हती, ते पोर इंग्रजी शब्दांची घोकंपट्टी करी. “स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद” हे त्या संस्थेचे बोल नुसते भिंतीवर नव्हते, पोरांच्या तळहातावर घट्ट्यांनी उमटलेले होते.

आता भगिनींनो, पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी. इतक्या पोरांना धान्य यायचे कुठून? एक वाट होती मुष्टिफंडाची. गावोगावच्या बायांनी रोज एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे, ते गोळा होऊन बोर्डिंगात यायचे. ज्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते, त्या बायांच्या मुठीतून दुसऱ्यांची पोरे शिकली. आणि ती मूठही पुरेना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे आल्या. या माउली सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांना पोटच्या लेकरांसारखे सांभाळले. अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. पोरे उपाशी राहण्याची वेळ आली तेव्हा मंगळसूत्रसुद्धा धान्यासाठी दिले. आपल्याकडे बाई सगळे देईल, पण मंगळसूत्राला हात लावू देणार नाही. ते त्यांनी दिले. १९३० साली त्या वारल्या, पण बोर्डिंगाची चूल विझली नाही.

त्याच काळात कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात एक मुलगा शिकत होता. देवराष्ट्र्याला आजोळी जन्मलेला, वडील कोर्टात बेलिफ. वडील प्लेगने गेले तेव्हा पोर लहान होते. आई विठाई निरक्षर, पण मुलांच्या शिक्षणाबाबत तिने माघार घेतली नाही. पोर शाळेत असतानाच स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले आणि १९३२ साली अठरा महिन्यांची सजा लागली. जेलमधून सुटल्यावर पुन्हा बाकावर येऊन बसले आणि १९३४ साली मॅट्रिक झाले, वयाच्या एकविसाव्या वर्षी. तो मुलगा म्हणजे यशवंतराव चव्हाण, १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले ते. वर्षे वाया गेली म्हणून शाळा सोडून दिली असती तर?

मुलींचे मात्र काय सांगावे! पुण्यात मुलींचे हायस्कूल १८८४ साली निघाले होते, पण खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीपर्यंत त्याचा उजेड पोहोचला नाही. भाऊ इंग्रजी पहिलीत जाई तेव्हा त्याच वयाच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालत. शंभर वर्षांपूर्वीच्या शाळेची ही उणी बाजूही आपण लक्षात ठेवली पाहिजे, कारण ती अजून पुरती भरून निघालेली नाही.

मंडळी, आज गावाजवळ हायस्कूल आहे, एस.टी. आहे, मुलींना पासाची सवलत आहे. तरीही मुलगा दहावीत नापास झाला की त्याला कामाला लावतो, आणि मुलगी दहावी झाली की “एवढ्या लांब कशाला पाठवायची” म्हणतो. त्या वेळच्या आईबापांपाशी यातले काही नव्हते. त्यांच्यापाशी एक मूठ धान्य होते, तेवढे त्यांनी दिले.

तेव्हा तीन गोष्टी करून पाहा. तुमचे पोर वसतिगृहात असेल तर नुसता पैसा पाठवून थांबू नका. एकदा जा, पोरांच्या पंक्तीला बसून जेवा, म्हणजे काय शिजते आणि कोण कुणाशेजारी बसते ते दिसेल. पोर नापास झाले तर मारू नका आणि शाळाही सोडवू नका, पुन्हा बसवा. आणि तुमच्या गावात कुणा विधवेचे, कुणा मजुराचे पोर फीसाठी, डब्यासाठी अडले असेल, तर पाच-दहा घरांनी मिळून ती अडचण वाटून घ्या. एका घराला जे ओझे असते, ते दहा घरांना एक मूठ असते.

भाऊराव १९५९ साली गेले. त्यांच्या संस्थेचे चिन्ह वडाचे झाड आहे. वड लावणारा त्याच्या सावलीत बसेलच असे नाही. पण कुणीतरी लावला होता, म्हणून आज आपली पोरे सावलीत बसली आहेत. यंदाच्या पेरणीत तेवढे एक रोप आपणही लावूया.