घर पुण्यात, आपण पाटसला

मैत्रिणींनो, आपल्या पाटस-दौंडकडच्या बऱ्याच घरांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणा, निवृत्तीच्या पैशांची सोय म्हणून म्हणा, हडपसर-मांजरीकडे एखादा छोटा फ्लॅट घेऊन ठेवलेला असतो. मुलं शिकून बाहेर पडली की तो रिकामा पडतो, सोसायटीचा मेंटेनन्स मात्र चुकत नाही. भाडेकरू ठेवायचा म्हटलं, तर दर माणसाला घर दाखवायला दौंड-पुणे गाडी धरून कोण धावणार? म्हणून मग एजंट.

एजंट नेमण्यात गैर काहीच नाही. पुण्यात तो साधारण एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागतो, आणि बहुधा भाडेकरूकडूनही तेवढंच घेतो. हा रिवाज आहे, कायदा नव्हे; तेव्हा भाजीवालीशी करतो तशी घासाघीस इथंही करायला हरकत नाही. अकरा महिन्यांनी तोच भाडेकरू राहिला तर पुन्हा दलाली द्यायची का, हेही आधीच बोलून घ्या. "आमचा महारेरा नंबर आहे" याला मात्र भुलू नका. २०१६ च्या कायद्याची ती नोंदणी प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटांसाठी आहे. भाड्याच्या व्यवहारात माणूस कसा, हे त्यावरून कळत नाही.

खरी गोम आहे अनामत रकमेत. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचे यजमान गेले, आणि पुण्याच्या फ्लॅटच्या भाड्यावरच घरातला किराणा येऊ लागला. एजंट घरचाच असल्यासारखा बोलायचा. त्यानं तीस हजार अनामत आणून दिली. वर्षभरानं भाडेकरू निघाला आणि पन्नास हजार परत मागू लागला! एजंटनं दिलेली पावतीच त्याच्या हातात. करार नोंदवलेला नव्हता, एजंट फोन उचलेना. बाईंनी वरचे वीस हजार भिशीतून उचलून भरले. तेव्हा अनामत आणि भाडं थेट आपल्या बँकेच्या खात्यातच घ्या, आणि दलाली द्यायची ती करार नोंदवल्यावर.

"अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला? नोटरी करून देतो," असं एजंट हमखास सांगतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, त्यातून हा अकरा महिन्यांचा पायंडा पडला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची, एजंटची नव्हे! कसूर झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लेखी नोंदवलेला करार नसला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

सासूबाईंच्या पिढीला भाडेकरूची धास्ती वाटते, ती उगीच नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना जुन्या भाडे कायद्यानं भाडेकरूचं संरक्षण दिलं होतं. आता राहण्याच्या घराचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस हलेना, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट भाडंही मागता येतं.

खर्च म्हणाल तर फार नाही. पंधरा हजार भाडं, अकरा महिने, पन्नास हजार अनामत असेल तर मुद्रांक शुल्क पाव टक्क्यानं पाचशेच्या आसपास, आणि शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. एजंट पाच-सहा हजार सांगू लागला तर हिशेब लिहून मागा. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही ऑनलाइन कळवता येते. ती कळवल्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.

आणखी एक. फ्लॅट तुमच्या नावावर असूनही एजंट फोनवर "साहेब आहेत का?" विचारतो. त्याला सांगा, सही माझी, तेव्हा बोलणंही माझ्याशीच. "एकट्या मुली नकोत ना?" असं तो विचारेल, तेव्हा जरा थांबा. आपल्याच मुली पुण्यात खोली शोधत हिंडत असतात, बरं का! नोकरी कुठं, आधीचं घर का सोडलं, हे विचारा आणि आधीच्या मालकाला स्वतः फोन करा.

ताबा देताना विजेच्या मीटरचा आकडा, भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून ठेवा. आणि घर दाखवायला म्हणून एजंटकडे दिलेली किल्ली त्याच दिवशी परत घ्या. ती मागायची बहुतेकींना आठवणच राहत नाही.