झुकलं की वळतं

लाँगबोर्ड घ्यायला गेलेला माणूस आधी वरची बाजू न्याहाळतो. वर रंग असतो, चित्र असतं, चकचकीत लाकूड असतं. तसं करू नका. बोर्ड हातात मिळाला की तो उलटा करून मांडीवर ठेवा आणि त्याची पुढची चाकं बोटांनी धरून हलवा. या वाहनाला हँडल नाही, ब्रेक नाही, तरीही ते भर वेगात नेमकं पाहिजे तिकडं वळतं. याचं सगळं रहस्य चाकांच्या वरच्या त्या मुठीएवढ्या धातूच्या तुकड्यात आहे. त्याला ट्रक म्हणतात.

ही युक्ती जुनी आहे, 1863 ची. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी चार चाकांच्या रोलर स्केटचं पेटंट घेतलं. त्यात चाकांचा आस बुटाला सरळ न जोडता तिरक्या खिळीवर बसवला होता आणि मध्ये रबराची गादी होती. पाऊल एका बाजूला कललं की रबर दाबलं जातं, आस तिरक्या खिळीभोवती फिरतो आणि चाकं त्याच बाजूला वळतात. इंदुरात काय किंवा पुण्यात काय, सुट्टीत मुलांना ज्या स्केटिंगच्या क्लासला घालतात, तिथल्या चार चाकी स्केटमध्ये आजही हेच यंत्र असतं. लाँगबोर्डमध्येही तेच, फक्त एक जोडी पुढे आणि एक मागे, आणि मध्ये मीटरभर फळी. पुढची चाकं डावीकडे वळतात तेव्हा मागची बरोबर उलट वळतात, त्यामुळे बोर्ड वळणावर फरपटत नाही, घरंगळतो.

आता या तिरकेपणाची करामत बघा. बहुतेक लाँगबोर्डच्या ट्रकचा कोन 50 अंश असतो, जोरात उतरणाऱ्यांच्या ट्रकचा 44 च्या आसपास. फरक सहा अंशांचा. पुढच्या आणि मागच्या ट्रकमधलं अंतर 70 सेंटीमीटर आणि कोन 50 अंश असेल, तर बोर्ड 10 अंश झुकवल्यावर तो साधारण 1.7 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो. अंतर 90 सेंटीमीटर आणि कोन 44 अंश केला, तर तेवढ्याच झुकण्याला त्रिज्या 2.7 मीटर होते. म्हणजे पहिला बोर्ड कॉलनीतल्या अरुंद रस्त्यावर एका दमात मागे फिरेल, दुसऱ्याला त्याच जागी अडचण होईल. पण दुसऱ्याचा हट्टीपणाच वेगात उपयोगी पडतो. उतारावर पाऊल जरा थरथरलं तरी तो लगेच दिशा बदलत नाही. बोर्डाच्या निवडीतला मुख्य व्यवहार एवढाच आहे: चपळपणा हवा की ठामपणा. दोन्ही भरपूर देणारा बोर्ड अजून कुणी बनवलेला नाही.

प्लिम्प्टन यांच्या रबराच्या जागी आता प्रत्येक ट्रकमध्ये पॉलियुरेथेनचे दोन छोटे ठोकळे असतात, त्यांना बुशिंग म्हणतात. माझ्या मते संपूर्ण बोर्डात सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक महत्त्वाची वस्तू हीच. पन्नास किलोची मुलगी आणि नव्वद किलोचा माणूस एकाच दुकानातून एकच बोर्ड घेऊन बाहेर पडले, तर तिला तो लाकडासारखा ताठ वाटेल आणि त्याला डुगडुगता. बोर्डात दोष नसतो, बुशिंग चुकीचं असतं. हलक्या माणसाला मऊ, वजनदार माणसाला कडक, एवढा नियम लक्षात ठेवला तरी पुरे. बुशिंग बदलायला एक पाना लागतो, आणि खर्च बोर्डाच्या किमतीपुढे किरकोळ.

चाकांची गोष्ट तर याहून सुरस. पन्नाशीच्या दशकात कॅलिफोर्नियातले सर्फर लाटा नसतील त्या दिवशी फळीला लोखंडी चाकं ठोकून रस्त्यावर उतरायचे. मग भाजलेल्या मातीच्या मिश्रणाची चाकं आली. दोन्ही प्रकार कडक. वाटेत बारीक खडा आला की चाक जागीच अडायचं आणि माणूस पुढे उडायचा. साठच्या दशकात हा खेळ आला तसा बसलाही, त्याला ही चाकं बऱ्याच अंशी कारण झाली. 1970 मध्ये फ्रँक नॅसवर्दी या तरुणानं व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावच्या एका कारखान्यात रोलर स्केटसाठी बनवलेली पॉलियुरेथेनची चाकं पाहिली. ती त्यानं आपल्या बोर्डाला लावली आणि पुढे ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावानं विकायला काढली. पॉलियुरेथेन म्हणजे 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं रसायन. आपल्या गाद्यांतला फोम आणि बुटांचे तळ याच कुळातले. या चाकाखाली खडा आला की चाक क्षणभर दबतं, खडा पोटात घेतं आणि पुढे जातं. शिवाय रस्त्याला धरून राहतं. आजचं सगळं स्केटबोर्डिंग त्या दबण्यावर उभं आहे.

चाकाचा मऊपणा ‘शोर ए’ मापानं सांगतात. उड्या मारायच्या छोट्या स्केटबोर्डची चाकं 50 ते 54 मिलीमीटर व्यासाची आणि 99A इतकी कडक असतात, गुळगुळीत सिमेंटच्या पार्कसाठी. लाँगबोर्डची 65 ते 75 मिलीमीटर आणि 78A ते 83A. आपल्या रस्त्यांसाठी मी डोळे झाकून 70 मिलीमीटरच्या वरची आणि 80A च्या आतली चाकं सांगेन.

आता आपल्या इंदूरच्या रस्त्यांचा मुद्दा. 2017 पासून अनेक वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलेलं हे शहर रात्री यंत्रांनी रस्ते झाडतं. त्याचं कौतुक बाहेरचे लोक कचरापेट्यांच्या अंगानं करतात. लाँगबोर्डवाल्याला त्यात वेगळंच सोनं दिसतं: झाडलेला रस्ता म्हणजे खडा नसलेला रस्ता. अर्थात मोठे रस्ते झाडले जातात तसा प्रत्येक गल्लीबोळ झाडला जात नाही, आणि कुठे बांधकाम चालू असेल तर समोर गिट्टी सांडलेली असतेच. सिमेंटच्या रस्त्यांना ठरावीक अंतरावर सांधे असतात, ते छोट्या कडक चाकांना दातांत कळ आणतात आणि मोठ्या मऊ चाकांना जेमतेम जाणवतात. पावसाळ्यात मात्र बोर्ड घरात ठेवावा. ओल्या सिमेंटवर हेच रस्त्याला धरणारं चाक अचानक सोडून देतं. बेअरिंगमध्ये पाणी गेलं की तीही कुरकुरायला लागतात, पण त्यांची काळजी करू नका. आत 8, बाहेर 22 आणि जाडी 7 मिलीमीटर हे ‘608’ नावाचं माप जगभर एकच आहे, विजेच्या छोट्या मोटरींतही तेच लागतं. सियागंजसारख्या बाजारात जो बेअरिंग विकतो, त्याच्याकडे ते मिळायला हवं. डब्यावरच्या, अचूकता सांगणाऱ्या ‘एबेक’ आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

तुम्हाला बोर्डावर करायचंय काय, हे आता ठरवा. नुसतं फिरायचं असेल, कॉलनीतून दुकानापर्यंत जायचं असेल, तर फळी जमिनीच्या जितकी जवळ तितकं बरं. ज्या फळीला टोकांशी भोकं पाडून ट्रक आरपार बसवतात, तिला ‘ड्रॉप थ्रू’ म्हणतात. ती काही सेंटीमीटरच खाली येते, पण प्रत्येक ढकलीला उभा पाय तेवढाच कमी वाकतो. शंभर ढकलींनंतर गुडघा त्या सेंटीमीटरचे आभार मानतो. नवशिक्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला दिसत नाही.

नागमोडी वळणं घेत जायचं असेल, ज्याला कार्व्हिंग म्हणतात, तर फळी लवचीक हवी. बहुतेक डेक, म्हणजे फळ्या, मेपलचे सात-आठ पातळ थर चिकटवून करतात. लवचीक डेकमध्ये बांबू आणि फायबरग्लास असतो. वळणाच्या तळाशी ती फळी धनुष्यासारखी वाकते आणि बाहेर पडताना परत सरळ होत पायांना उचल देते. (देशात बांबूखालचं सर्वांत मोठं क्षेत्र मध्य प्रदेशात आहे. इथल्या कुणा कारागिरानं एखादा डेक करून पाहावा, असं मला फार वाटतं.)

इथेच या फळीचं सर्वांत चक्रावणारं कसब येतं. सपाट रस्त्यावर, पाय जमिनीला न लावता, नुसतं अंग डावी-उजवीकडे घुसळून बोर्डाचा वेग वाढवता येतो. याला पंपिंग म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, कुठेतरी मोटर लपवली आहे. प्रत्यक्षात चाकं वळलेली असताना माणूस शरीराचा भार आडवा ढकलतो. वळलेलं चाक आडवं घसरत नाही, त्यामुळे रस्त्याचा उलट दाब तिरका मिळतो आणि त्याचा एक भाग बोर्डाला पुढे नेतो. बर्फावर स्केट करणारा तिरका पाय मारून पुढे सरकतो ते याच न्यायानं. यासाठी पुढचा ट्रक जास्त कोनाचा आणि मागचा कमी कोनाचा लावतात. हे मुरायला वेळ लागतो. पण इंदूरसारख्या सपाट शहरात वळणदार बोर्डाची खरी मजा यातच आहे.

नाचायचं असेल तर फळी लांबच लांब, 110 सेंटीमीटरच्या पुढे आणि रुंद. चालत्या बोर्डावर पावलं ओलांडत मागे-पुढे फिरायचं, गिरकी घ्यायची. दक्षिण कोरियाच्या को ह्यो-जू हिचे असे व्हिडिओ जगभर पाहिले गेले, त्यात ती सोलच्या रस्त्यांवर इतकी निवांत चालते की तिच्या पायाखालची जागा पळतेय, हे विसरायला होतं.

राहिला उतार. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर आहे. दक्षिणेला विंध्याचा कडा ओलांडून सिमरोल, भेरूघाट किंवा जाम गेटच्या वाटेनं नर्मदेकडे उतरलं की उंची साडेतीनशे मीटरांहून अधिक घटते. घर्षण आणि हवेचा विरोध शून्य मानला, तर वेग उताराच्या लांबीवर नाही, फक्त उंचीवर ठरतो. नुसत्या पाच मीटर उंचीचा उतार ताशी 35 किलोमीटर देतो. साडेतीनशे मीटर कागदावर ताशी 300 च्या जवळ पोचवतात. खऱ्या जगात हवा आपल्याला वाचवते. तरीही 2017 मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या एका उतारावर ब्रिटनच्या पीट कॉनोली यांनी फळीवर उभं राहून ताशी 146.73 किलोमीटरचा विक्रम केला. इंदूरजवळच्या या घाटांतून मालट्रक आणि बस चालतात, कडेला दरी असते. तिथे बोर्ड नेऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो.

वेगात बोर्ड डुगडुगू लागतो, त्या भीतीचंही एक कोडं आहे. बोर्ड जरा झुकला की वळतो, माणूस त्याला सावरतो, पण मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचायला क्षणाचा अंश लागतो. कमी वेगात ते चालून जातं. ठरावीक वेगानंतर सावरणं इतकं उशिरा पोचतं की ते डोलण्यातच भर घालतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2016 मध्ये हे गणितानं मांडलं, आणि माणूस मध्यापेक्षा पुढे उभा असेल तर स्थैर्य वाढतं, असंही त्यांना आढळलं. घाबरलेला नवशिका नेमका उलट वागतो, मागच्या पायावर रेलतो. भार पुढच्या पायावर ठेवा.

आणि थांबायचं कसं? एक पाय काढून बुटाचा तळ रस्त्याला घासायचा. ताशी 25 च्या वेगात माणूस सेकंदाला सात मीटर सरकतो, तेव्हा ही सवय मुळात हळू वेगात लागलेली हवी. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या टेकड्यांवर क्लिफ कोलमन यांनी सत्तरच्या दशकात हातमोजा जमिनीला टेकवून बोर्ड आडवा घसरवण्याची पद्धत रुजवली, ती पुढची पायरी. पहिल्या वर्षात तिची गरज पडू देऊ नका.

शिकायला गाव मोठं लागत नाही. आपल्याच मध्य प्रदेशात, पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात जर्मनीच्या उलरिके राइनहार्ड यांनी 2015 मध्ये स्केटपार्क उभा केला. नियम दोन: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. तिथल्या आशा गोंड हिनं 2018 मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताचं प्रतिनिधित्व केलं. तिचा प्रकार छोट्या बोर्डाचा, लाँगबोर्डचा नव्हे, पण ट्रक झुकतो तो त्याच नियमानं.

तेव्हा इंदुरात पहिला बोर्ड घेणाऱ्याला माझा सल्ला असा: 95 ते 105 सेंटीमीटरचा ड्रॉप थ्रू, थोडा लवचीक, 50 अंशांचे धातूचे ट्रक, मोठी मऊ चाकं. खेळण्यांच्या दुकानातला प्लास्टिकचा ट्रक आणि कडक पीव्हीसीची चाकं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, त्यावर शिकणारा बहुधा आठवड्यात सोडून देतो. सुपर कॉरिडॉरचा रुंद रस्ता मोह घालतो, पण तिथली वाहनं वेगात असतात. त्यापेक्षा सकाळी लवकर, कॉलनीच्या आतल्या झाडलेल्या सपाट रस्त्यावर सुरुवात करा. बजेट कमी पडलं तर फळी साधी घ्या, चाकं चांगली घ्या. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड मात्र बोर्डाच्या आधी घ्या.