पावसाआधी लोखंडी खिडकीकडे बघा

गेल्या वर्षी जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या वसाहतीतल्या एका मावशींनी आम्हाला घरी बोलावले. आम्ही पडलो कारकून. अर्जबिर्ज लिहायचा असेल असे वाटले. जाऊन पाहतो तो जमिनीवर वर्तमानपत्रे पसरलेली आणि त्यांवर कागद वाळत घातलेले. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, दिवंगत यजमानांचे गिरणीचे कागद. ‘‘भाऊ, खिडकी लागतच नाही. पेटी खालीच होती, रातभर पाणी आत येत होतं.’’ दाखल्यावरचा शिक्का विरघळून पसरला होता. गिरणी कामगारांच्या घरांसाठी असेच जुने कागद मागतात, हे वाचकांना सांगायला नको.

आणि खिडकीची फट केवढी? जेमतेम करंगळीएवढी.

मुंबईत जुन्या हाऊसिंग बोर्डाच्या इमारतींत, सरकारी आणि रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये अशा बाहेर उघडणाऱ्या लोखंडी झडपा अजून पुष्कळ आहेत. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या तशा या मागे पडल्या. पण लोखंड जाड आहे, थोडी देखभाल केली तर आणखी कित्येक वर्षे जाते. आपण काय करतो? लागत नाही म्हणून हँडल जोरात ओढतो. हँडल वाकते, झडप पिळवटते, काच तडकते, आणि एक दिवस सुतळीने बांधून ठेवतो.

वाचक बंधू-भगिनींनो, ओढण्याआधी झडप कुठे अडते ते शोधा. शाळेचा खडू चौकटीच्या कडेला चोळा आणि झडप हलकेच लावून उघडा. जिथे खडू झडपेला लागला, तिथे ती घासते आहे.

बहुतेक वेळा कारण साधे निघते. दर दिवाळीला रंगावर रंग चढवल्याने कडेला जाड थर झालेला असतो. दुसरे कारण गंज. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, म्हणून बिजागरीच्या मागे साचलेला गंज झडपेला ढकलतो आणि काचेच्या खाचेतला गंज काच फोडतो. समुद्राकडच्या बाजूला खारा वारा लागतो, तिथे हे लवकर होते.

थर काढायला तारेचा ब्रश, पट्टी आणि पॉलिश पेपर पुरे. पेपर मात्र ओला करूनच घासा. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव फार. घरगुती रंगांत दहा लाखांत ९० भागांहून जास्त शिसे नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये. मुलांना शेजारी पाठवा, जमीन ओल्या फडक्याने पुसा, आणि रंग जाळून काढू नका.

लोखंड उघडे पडले की त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. दमट हवेत रात्रभर तसेच ठेवले तर सकाळी पुन्हा तांबूस झालेले दिसेल. कडांना रंग पातळ लावा आणि पुरता वाळेपर्यंत झडप बंद करू नका. म्हणून हे काम मे महिन्यातले.

हँडलकडचा खालचा कोपरा टेकत असेल तर झडप लोंबली आहे असे समजा. बिजागरीला मशीनचे तेल सोडा, स्क्रू असतील तर आवळा. खीळ झिजली असेल तर वेल्डरला बोलवा. पण आधी काच काढून घ्या, नाहीतर उष्णतेने ती तडकते. एक कोपरा टेकतो आणि दुसरा बाहेर राहतो, म्हणजे झडप पिळवटली आहे. टेकणाऱ्या कोपऱ्यात लाकडाचा तुकडा धरून बाहेरचा कोपरा हळूहळू आत दाबतात. हेही काच काढूनच करावे. सगळे करूनही जमेना तर चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. ते सारखे नसतील तर चौकटच तिरकी झाली आहे. मग घरगुती उपाय चालणार नाही, भिंतही दाखवून घ्यावी लागेल.

काच परत बसवताना दुकानदाराला ‘लोखंडी खिडकीची लांबी द्या’ असे स्पष्ट सांगा. लाकडाची लांबी लोखंडावर नीट वाळत नाही, कारण लाकूड तिच्यातले तेल शोषून घेते, लोखंड घेत नाही. आम्ही स्वतः ही चूक केली. महिनाभराने बोट लावले तरी मऊ! आणि खालची फट सिमेंटने बुजवू नका. आत गेलेले पाणी तिथेच कोंडते आणि चौकट तळापासून कुजते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून किंवा छज्जावर उतरून काम करू नका. आतून हात पोचेल तेवढेच आपले, बाकीचे कारागिराचे.

मावशींच्या खिडकीला गेला पावसाळा आम्ही प्लॅस्टिक बांधून काढला. यंदा मे महिन्यात त्यांच्या मुलाने आणि आम्ही दोन रविवार खपून ती घासली. रंगाचे पाच थर निघाले. सगळ्यात खाली हिरवा होता. मावशी म्हणाल्या, ‘‘हा आमच्या लग्नाच्या वेळचा.’’ खिडकी आता एका बोटाने लागते. पेटी मात्र त्यांनी पलंगावरच्या फळीवर ठेवली आहे आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले आहेत.