मोटार भरता येते, मग फोन का नाही?

श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडजवळचा मोबाइल दुरुस्तीचा गाळा. मे महिना, सकाळचे अकरा. डोक्यावर पत्रा तापलाय, टेबलफॅन गरमच हवा फेकतोय. लिंबाची बाग असलेले एक तात्या बंडीच्या खिशातून फोन काढून काउंटरवर ठेवतात. फोन सपाट बसत नाही, डुगडुगतो. मागचं झाकण एका कडेनं इतकं उचललंय की फटीत नख जाईल.

"बॅटरी फुगलीय, तात्या. चार्जिंगला कुठं लावता?"

"पाण्याच्या मोटारीच्या खोलीत. शेतीला रात्रपाळीची लाईट असली की तिथंच पडतो. दुसऱ्या दुकानात म्हणाले, आता नवाच घ्या."

गाळ्यातला पोरगा फोन बंद करतो. "फुगलेलीला गरम करायचं नसतं," म्हणत तो प्लास्टिकची पातळ पट्टी कडेनं हळूहळू फिरवतो. झाकण सुटतं. आधी बॅटरीचं कनेक्शन काढतो, मग तिच्या कडेला स्पिरिटचे थेंब सोडून थांबतो. खाली डिंक घट्ट आहे. ओढताना बॅटरी वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेईल. म्हणून पायाशी वाळूची बादली आहे. मी श्वास रोखून बघतोय.

बॅटरी म्हातारी होणारच. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूनं दुसरीकडे जातात, वापरताना परतात आणि प्रत्येक खेपेला थोडे कायमचे अडकून पडतात. उष्णतेनं ही झीज वाढते, आतल्या द्रवाचा वायू होतो आणि बॅटरी फुगते. फास्ट चार्जरमध्येही मोठा धोका उष्णतेचाच. बॅटरी भरत आली की फोन आपणहून वेग कमी करतो. पण मोटारीच्या गरम खोलीत रात्रभर 100 टक्क्यांवर अडकवलेल्या फोनला तेवढं पुरत नाही.

झिजणं हा निसर्ग झाला. झिजलेला भाग बदलताच येऊ नये अशी रचना मात्र माणसानं केलेली आहे. पूर्वी मागचं झाकण नखानं उघडून आपणच बॅटरी बदलत होतो. आता डिंक आहे, सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि अनेक फोनचे अपडेट तीन-चार वर्षांत बंद होतात. युरोपीय संघानं 20 जून 2025 पासून नियम लावलाय: 800 वेळा पूर्ण चार्ज होऊनही बॅटरीत 80 टक्के क्षमता उरली पाहिजे आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही 7 वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं; पण माहिती पुरवणं वेगळं आणि सक्ती करणं वेगळं. तशी सक्ती इथंही हवी.

चर्रर्र आवाज करत बॅटरी सुटते. उशीसारखी फुगलेली. पोरगा ती वाळूत ठेवतो.

"आमची मोटार जळाली की वायंडिंग भरून आणतो," तात्या म्हणतात. "पंधरा वर्षं झाली, तीच चालतीय. फेकून कोण देतं?"

नवी बॅटरी बसते. बाराशे रुपये. नव्या फोनला सतरा हजार लागले असते, म्हणजे लिंबाच्या किती गोण्या, हा हिशोब तात्या बोटांवर करतात.

"खोलीत चार्जिंगला लावू नका. उशाशी तर नकोच."

तात्या मान डोलावतात. फोन सुरू होताच पहिला कॉल ते शेतातल्या मोटारीच्या मोबाइल ऑटो स्टार्टरला लावतात. या आठवड्यात दिवसाची लाईट आहे. फोन कानापासून थोडा दूर धरलेला, म्हणून मलाही ऐकू येतं: मोटार चालू झाली आहे.

तिकडं बागेत पाणी सुटलंय.