गोल्फ क्लबच्या दारातील चौकशी

जोयडा तालुक्यात गोल्फचे मैदान नाही आणि ते होण्याची शक्यताही नाही. येथे आहे ते घनदाट अरण्य, काळी नदी, सुपा धरणाचा अथांग जलाशय आणि डोंगरउतारांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांतली भाताची खाचरे. अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर मोकळी जमीन लागते. एवढी सपाट जागा आमच्या गावांना शेतीसाठीही कधी मिळाली नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हा विषय सुचविला, तेव्हा संपादक मंडळातील मित्र हसले. डॉक्टरांच्या अंकात गोल्फ कशासाठी, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी लेखाच्या शेवटी देणार आहे. तोवर वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरातील रुग्णालयात नोकरीला होतो. तेथील एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी मला आपला पाहुणा म्हणून गोल्फच्या मैदानावर नेले. पहाटेचे दव, दूरवर पसरलेली हिरवळ आणि चार तास चालत खेळायचा तो खेळ मला मनापासून आवडला. मी त्या क्लबला सभासदत्वाची चौकशी करणारे पत्र लिहिले. चार महिने उत्तर आले नाही. दूरध्वनी केला तेव्हा पलीकडून, "सध्या फॉर्म देत नाही," एवढेच ऐकू आले आणि फोन ठेवला गेला. काही दिवसांनी मी दुसऱ्या एका क्लबला लिहिले. तेथील सचिव निवृत्त लष्करी अधिकारी होते. त्यांचे उत्तर आठव्या दिवशी आले. "डॉक्टरसाहेब, कायम सभासदत्व तूर्त शक्य नाही, प्रतीक्षायादी मोठी आहे," असे पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहून त्यांनी पुढे यादीत नाव कसे नोंदवावे, किती पैसे भरावे लागतील, त्यांपैकी किती परत मिळतील आणि दरम्यानच्या काळात एखाद्या सभासदाबरोबर पाहुणा म्हणून कोणत्या दिवशी खेळता येईल, हे सारे एका पानात सांगितले होते. मी त्याही क्लबचा सभासद झालो नाही. नोकरी सोडून इकडे आलो आणि गोल्फ मागे राहिला. परंतु ते पत्र मी अद्याप जपून ठेवले आहे.

दोन्ही क्लबांनी मला नकारच दिला होता. मग एकाचा मनात राग राहावा आणि दुसऱ्याविषयी आदर वाटावा, असे का व्हावे? या प्रश्नाने मला पुढे या विषयाचे वाचन करावयास लावले.

आधी गोल्फ क्लबांची रीत समजून घेऊ. आपल्या देशात हा खेळ जुना आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. बंगळूरचा क्लब १८७६ चा, तर मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. अशा जुन्या क्लबांत सभासद होण्याचा पारंपरिक मार्ग साधारणपणे सारखाच असतो. इच्छुकाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. हे दोघेही काही वर्षे सभासद असलेले आणि अर्जदाराला जवळून ओळखणारे असावे लागतात. त्यानंतर अर्जदाराचे नाव क्लबच्या फलकावर लावले जाते, म्हणजे कोणाची हरकत असल्यास ती नोंदविता यावी. मग समितीपुढे भेट आणि शेवटी मतदान.

हे मतदान पूर्वी गोळ्यांनी होत असे. लाकडी पेटीत हात घालून प्रत्येक सभासद पांढरा किंवा काळा गोळा टाकी. बाहेरून कोणाला काही दिसत नसे. ठरावीक संख्येने काळे गोळे निघाले की अर्ज नामंजूर होई. कोणी टाकले आणि का टाकले, हे सांगण्याचे बंधन कोणावरही नसे. माणसाला कारण न देता बाहेर ठेवण्याची यापेक्षा सोयीची युक्ती शोधून काढणे कठीणच!

गोल्फ क्लबांची आणखी एक खास अट असते, ती हँडिकॅपची. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कौशल्याचे आकड्यातील माप. हा आकडा जितका लहान, तितका खेळाडू कसलेला. २०२० पासून जगभर यासाठी एकच पद्धत लागू झाली असून तीत कमाल मर्यादा ५४ आहे. अनेक क्लब अर्जदाराकडे या आकड्याचे प्रमाणपत्र मागतात किंवा नवशिक्याला आधी प्रशिक्षकाकडे पाठवितात. मैदानावर एका गटाच्या मागे दुसरा गट खेळत असतो. खेळाचे शिष्टाचार न जाणणारा एकच मनुष्य मागच्या साऱ्यांचा खोळंबा करतो आणि त्याचा चेंडू कोणाच्या डोक्यात बसला, तर ते प्रकरण आपल्याकडेच येते! ही अट त्यामुळे रास्त म्हणावी लागेल.

जागेची मर्यादाही खरीच आहे. एका मैदानावर दिवसाकाठी ठरावीक खेळाडूच सामावतात. दिल्ली गोल्फ क्लबसारख्या ठिकाणी प्रतीक्षायादी काही दशकांची झाली, ती काही निव्वळ अहंकारापोटी नव्हे. तथापि मर्यादेचे कारण पुढे करून माणसांची निवड जात, वर्ण, लिंग पाहून करण्याचा इतिहासही तितकाच खरा आहे. मुंबईचा विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब १९१८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी स्थापन केला. आपल्या भारतीय पाहुण्यांना गोऱ्यांच्या क्लबात प्रवेश नाकारला गेल्यामुळे त्यांनी हे पाऊल उचलले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी भारतीय आणि युरोपीय यांना एकत्र सभासद करून घेणारा क्लब त्या काळी वेगळा होता, हे नि:संशय. गमतीचा भाग असा की, दार उघडण्यासाठी जन्मलेल्या याच क्लबची सभासदनोंदणी पुढे बाहेरच्या नव्या अर्जदारांसाठी दीर्घकाळ बंद राहिली.

परदेशातही हेच चित्र. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल क्लबात अर्ज करण्याची सोयच नाही. क्लब निमंत्रण देईल तेव्हाच प्रवेश. तेथे पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये आणि पहिल्या दोन स्त्रिया २०१२ मध्ये घेतल्या गेल्या. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या विख्यात क्लबाने स्त्रियांना सभासद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर २६० वर्षांनी घेतला. म्यूरफील्डच्या क्लबात २०१६ च्या मतदानात आवश्यक दोन-तृतीयांश मते पडली नाहीत. त्यावर तेथे ओपन स्पर्धा भरविली जाणार नाही, असे संयोजकांनी जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी सुमारे ८० टक्के सभासदांनी स्त्रियांच्या बाजूने कौल दिला.

दुसऱ्या बाजूला, या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमधील कित्येक साध्या क्लबांची सभासदसंख्या घटू लागली आणि त्यांना वेगळाच धडा मिळाला. तोवर चौकशी करणारा मनुष्य म्हणजे कटकट, अशी कचेरीतील समजूत असे. पैसा आटू लागल्यावर मात्र क्लबांनी सभासदनोंदणीसाठी स्वतंत्र माणसे नेमली. काही ठिकाणी तर इच्छुक असल्याची बतावणी करणारी तपासनीस मंडळी फोन करून पाहू लागली, की उत्तर मिळते का, नाव विचारले जाते का, मैदान दाखविण्याचे आमंत्रण मिळते का, नंतर कोणी पुन्हा विचारपूस करते का. २०२० च्या महामारीनंतर मोकळ्या हवेतील या खेळाकडे लोकांचा ओढा वाढला आणि अनेक क्लबांत पुन्हा प्रतीक्षायाद्या लागल्या. गरज संपल्यावरही ही सौजन्याची सवय टिकविणे, हीच क्लबांची खरी कसोटी होय.

या सर्व वाचनातून चांगल्या क्लबाच्या वागणुकीची चार लक्षणे मला दिसली. पहिले, चौकशीला ठरावीक मुदतीत कोणीतरी नावानिशी उत्तर देतो. ते काम 'समिती पाहील' म्हणून अधांतरी राहत नाही. दुसरे, अटी, शुल्क आणि प्रतीक्षेचा अंदाज आधीच सांगितला जातो. तिसरे, नकार असल्यास तो स्पष्ट असतो. आशेवर वर्षानुवर्षे टांगून ठेवले जात नाही. चौथे, सभासद होईपर्यंत काय करता येईल, हेही सांगितले जाते, मग ते पाहुणा म्हणून खेळणे असो, प्रशिक्षण असो वा दुसऱ्या एखाद्या मैदानाचा पत्ता असो.

डॉक्टर बंधू-भगिनींनो, ही लक्षणे आपणांस अपरिचित नाहीत. असाध्य आजाराच्या रुग्णाला आपण नेमके हेच देत असतो. निदान लपवीत नाही, मुदतीचा अंदाज देतो आणि बरे करता आले नाही तरी आज रात्री वेदना कशी कमी होईल, हे सांगतो. रुग्ण वाईट बातमी सोसतो. डॉक्टर बोलतच नाहीत, हे मात्र त्याला सोसत नाही.

आता संपादक मित्रांच्या प्रश्नाचे उत्तर. गेल्या वर्षी आपल्या संघटनेच्या सचिवपदाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा जुने कपाट आवरताना मला दोन पत्रे सापडली. सक्तीच्या ग्रामीण सेवेसाठी आपल्या तालुक्यात आलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीची ती होती. सभासद कसे व्हावे, मासिक बैठक कोठे भरते, आणि रात्री-अपरात्री सर्पदंशाचा रुग्ण आला तर पुढे पाठविण्यापूर्वी सल्ल्यासाठी कोणाला फोन करावा, असे तिने विचारले होते. दुसरे पत्र पहिल्याची आठवण करून देणारे होते. दोहोंवर उत्तराची नोंद नव्हती. त्या काळात मीही कार्यकारिणीत होतो, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय मला नाही.

मी तिचा शोध घेऊन फोन केला. सेवेची मुदत संपताच ती किनारपट्टीकडे निघून गेली होती. मी दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा तक्रारीचा कोणताही सूर न लावता ती म्हणाली, "सर, मला वाटलं, तुमच्याकडे बाहेरच्यांना घेत नसावेत."

आपल्याकडे काळ्या गोळ्यांची पेटी नाही. कोणीही तिला नाकारले नव्हते. तिच्यापर्यंत मात्र नकारच पोहोचला होता. मोठ्या रुग्णालयासाठी बेळगाव, धारवाड किंवा कारवार गाठावे लागणाऱ्या, पावसाळ्यात झाड कोसळले की रस्ता बंद होणाऱ्या या तालुक्यात एक डॉक्टर टिकणे न टिकणे याचा अर्थ काय, हे वाड्यावस्त्यांवरील वाचकांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. उत्तर मिळाले असते तर ती राहिलीच असती, असा माझा दावा नाही. पण त्या वर्षात रात्री एकटीने निर्णय घेताना तिला फोन करायला एखादे नाव मिळाले असते.

तेव्हापासून आपण एक साधी वही घातली आहे. आलेल्या प्रत्येक चौकशीची तारीख, उत्तराची तारीख आणि उत्तर देणाऱ्याचे नाव, असे तीन रकाने. मुदत आठ दिवसांची. सभासद होण्यासाठी काय लागते याचे एक पान मराठी, कन्नड आणि इंग्रजीत छापून ठेवले आहे. सभासद नसलेल्या डॉक्टरांनाही बैठकीस पाहुणे म्हणून बसता येते आणि रात्रीच्या सल्ल्यासाठी फोन क्रमांकांची यादी तालुक्यात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पहिल्याच आठवड्यात दिली जाते, मग त्याने अर्ज केला असो वा नसो.

त्या निवृत्त लष्करी सचिवांचे पत्र मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटविले आहे. वही संघटनेच्या कचेरीत टेबलावरच असते. सभासदांनी ती अधूनमधून चाळावी आणि तिसरा रकाना कोठे रिकामा दिसल्यास मला नि:संकोच जाब विचारावा, ही नम्र विनंती.